आमचं काम आधी करणाऱ्या बाई

नोएडातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी लागले, तेव्हा नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि इंग्लंडमधल्या कंपन्या आपली फोनची कामं भराभर इकडे पाठवत होत्या. आमची कंपनी टेलिफोनची. आम्हाला शिकवायला तिथल्याच ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरणीगावच्या. नावाने हाक मारा म्हणायच्या. आम्ही मॅडमच म्हणायचो.

उच्चारांपेक्षा त्यांचा भर गप्पांवर असायचा. जेवणाची सुट्टी झाली की त्या तिकडची एक मालिका लावत. विटांच्या, एकमेकींना चिकटलेल्या घरांची गल्ली, कोपऱ्यावर पब, आणि संध्याकाळी तिथे जमणारे सगळे शेजारी. फोनवर म्हातारी माणसं तिचा विषय काढतात, म्हणून आम्ही ती बघायची. फुटबॉल, पाऊस, एका घरात कोंडून घेतलेल्या माणसांचा तो नवा कार्यक्रम, यांचीही उजळणी व्हायची. मला मात्र ती गल्लीच आवडायची.

"तुमच्याकडे असंच असतं का?" मी एकदा विचारलं.

"असायचं," त्या म्हणाल्या. "आमचा पब बंद झाला, तिथे फ्लॅट झाले. शेजारी कोण राहतं, मला माहीत नाही. लोकांना शेजारी बघायचे असले की ते टीव्ही लावतात."

कुणीतरी सहज विचारलं, आमच्यानंतरची बॅचही तुम्हीच घेणार का? त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

"नाही. तुम्ही जे काम करणार आहात, ते माझं होतं. आमचं ऑफिस बंद होतंय."

मग रिमोट पुन्हा हातात घेऊन त्या म्हणाल्या, "चलो." हा शब्द त्यांनी आमच्याकडूनच उचलला होता. मालिका पुन्हा सुरू झाली, पण माझं लक्ष लागेना.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी विदर्भातून दिल्लीला आलेले. घरी मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी जेवायला बोलाव त्यांना."

आईने पाटवड्यांचा रस्सा केला, तिच्या मते अगदी बेताचा. मॅडमचं नाक लाल झालं. "शुक्रवारी आमचं अख्खं गाव करी खातं," त्या म्हणाल्या, "पण ती ही नव्हे."

बाबांनी मॅडमच्या वडिलांची चौकशी केली. मी मधे बसून मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी करत होते. वडील कापडगिरणीत होते. त्या शाळेत असतानाच गिरणीला टाळं लागलं.

"माझे थोरले भाऊ नागपूरला गिरणीत होते," बाबा म्हणाले. "तीही बंद पडली."

"मग त्यांनी काय केलं?"

"सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण भोंग्याच्या वेळेला उठायचे ते उठायचेच. कपडे करून दारात उभे राहायचे."

मी हे इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांचा हात ताटातच थांबला. "माझे वडीलही," एवढंच त्या म्हणाल्या.

जरा वेळाने बाबांनी विचारलं, "मग तुम्ही आलात कशाला? नाही म्हणता आलं असतं."

"आलं असतं. पण कोण आहेत ते बघायचं होतं. राग धरायचा तर कुणाचा धरतोय, ते तरी कळायला हवं."

"मग?"

"मग या मुलीने मला जेवायला बोलावलं," असं म्हणून त्यांनी नाक पुसलं आणि आणखी रस्सा मागून घेतला.

परत गेल्यावर त्यांना एका वृद्धाश्रमात काम मिळालं. पगार कमी, पण आसपास माणसं भरपूर, असं त्यांनी ई-मेलवर कळवलं.

फोनवर लोक कधी कधी चिडायचे, इंग्लंडमधलं कुणीतरी द्या म्हणायचे. एक गृहस्थ तर ओरडलेच. त्यांचा मुलगा बंद झालेल्या त्याच ऑफिसात होता. अशा वेळी म्हणायची वाक्यं आम्हाला पाठ होती, पण मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. मला तिथल्याच एका बाईंनी शिकवलंय."

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं,

"नीट वागली का तुझ्याशी?"

"खूप चांगलं वागल्या."

"हं," ते म्हणाले. "मग बघ जरा, माझा फोन सकाळपासून खरखरतोय."