नऊ हजार केल्विन

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. वीस वर्षं फोटो काढतोय. लोक मोबाइल घेऊन येतात, "भाऊ, हे पाहा, मांगं बाई उभी हाय!" आणि मी त्यांना फ्लॅशमध्ये चमकलेली धूळ दाखवून परत पाठवतो.

माझा स्टुडिओ साकोलीला. मोठा भाऊ, म्हणजे दादा, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला शेती करतो... करायचा. दर भाऊबिजेला आम्ही सगळे तिथं जमतो आणि अंगणात एक फोटो होतो. रंग दरवर्षी सारखा यावा म्हणून मी मागच्या वर्षीची फाइल लॅपटॉपवर उघडतो, व्हाइट बॅलन्स (रंगाचा निळा-पिवळा तोल), सॅच्युरेशन काय होतं ते मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबतच्या नोंदीत बघतो आणि कॅमेऱ्यात तेच आकडे टाकतो.

आता धंद्यातली एक गोष्ट. गावात कुणी गेलं आणि घरात त्याचा धड फोटो नसला, की आम्हाला बोलावतात. तेरवीला फ्रेम लागते ना! गेलेल्या माणसाचा चेहरा राखाडी-निळसर पडलेला असतो. मी व्हाइट बॅलन्स थेट नऊ हजार केल्विनवर नेतो. फोटोवर तांबूस-पिवळा रंग चढतो आणि चेहरा जिवंत वाटतो. डोळे नंतर कॉम्प्युटरवर उघडतो.

मागल्या खेपेला भाऊबिजेच्या दुसऱ्याच दिवशी कोंढ्याला असं एक काम केलं होतं. आळसापायी त्या फायली घरच्याच फोल्डरमध्ये पडून होत्या. या वर्षी घाईत, फोटो न बघता, मी नेमकी त्यातलीच एक उघडली आणि आकडे उतरवून घेतले. गाढवपणा, दुसरं काय.

भर दुपार होती. उन्हात कॅमेऱ्याची स्क्रीन दिसत नव्हती. टायमर लावून पाच फोटो काढले आणि ओसरीत येऊन लॅपटॉपवर बघितले. सगळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे! बहिणी, वहिनी, मी, दादाचा पांढरा सदरासुद्धा. फक्त दादाचा चेहरा आणि हात अगदी नैसर्गिक रंगाचे. पाचही फोटोंत.

सगळ्यांना परत उभं केलं. आकडे नीट टाकले. आता सगळे बरोबर आले, आणि दादा राखाडी-निळसर. तो रंग मी ओळखतो. समोर दादा करंजी खात बसला होता, धान कापून कापून रापलेला, चांगला धडधाकट.

"दादा, उद्या साकोलीले चाल. दवाखान्यात दाखवू."

"काहून? काय झालं मले?"

काय सांगणार? तुझा रंग मेलेल्या माणसाचा आलाय म्हणून? मी म्हटलं, "असंच. बीपी गिपी पाहून घेऊ."

त्यानं लॅपटॉपवरचे पहिले फोटो बघितले आणि हसला. "तुमी सारे कावीळ झाल्यावानी दिसून राहिले आन् दवाखान्यात मी जाऊ? धान घरी येऊ दे, मंग पाहू."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. मी आणखी दोनदा म्हटलं, मग नाद सोडला. स्वतःचीच लाज वाटली हो... वीस वर्षं लोकांना धूळ दाखवणारा मी!

आठव्या दिवशी दादा धानाच्या बांधीतच पडला. हातात विळा तसाच. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तेरवीच्या फ्रेमसाठी वहिनीनं त्या पाचांतलाच एक फोटो निवडला. मी चेहरा तेवढा कापून घेतला. रंगाला हात लावावा लागला नाही.

कॅमेरा तपासून घेतला. मेटाडेटा दहादा वाचला. एका फोटोला एकच व्हाइट बॅलन्स असतो, तो एका माणसाला वगळून लागत नाही. सेन्सर ठीक आहे. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा, माझ्याकडे नाही.

पण हे लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. तेरवीची पंगत उठल्यावर वहिनीनं विचारलं, "भाऊजी, तुमी त्या दिवशी त्यायले दवाखान्यात चाल म्हणून काहून म्हणत होते?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "थकल्यासारखा दिसत होता, वहिनी."

ती म्हणाली, "तुमी एक दिवस आले तं तुमाले दिसलं. मी रोज पायत होती... मले काहून नाई दिसलं?"

अजूनही भेटली की हेच विचारते.