तळव्याला लावलेला चिखल

लावणीच्या दिवसांत आमच्या शेतांवर आभाळ खाली येऊन टेकतं. पाणी कुठे संपलं, ढग कुठे सुरू झाले, काही कळत नाही. वाकून भात लावताना वाटतं, आपण आभाळातच रोपं खोचतोय. त्या रविवारी मी आणि आई अशाच उभ्या होतो, पोटऱ्यांपर्यंत ढगात.

आईच्या तळव्यात खाडीतून आलेली कालवाची जुनी शिंपली घुसली. तिने पाय वर धरला. रक्ताची रेघ पाण्यात विरत गेली.

"चिखल दाब बाय, सुकंल," ती म्हणाली.

तिचा बाप जन्मभर मिठागरात राबला. त्याच्यापासून आमच्या घरात सगळ्यांनी हेच केलंय. मी शाळेत विज्ञान शिकवते. जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवावी, हे फळ्यावर लिहून माझी बोटं झिजली. तरी मी वाकले, मूठभर गार चिखल घेतला आणि तिच्या तळव्याला लिंपला. खोटं कशाला सांगू, छान वाटलं. लहानपणी तिने माझ्या गुडघ्यांना हाच चिखल लावला होता.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी ती तालुक्याच्या दवाखान्यात डोळे मिटून पडली होती. रक्त तपासायला पाठवून डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "जखमेला काही लावलं होतं का?"

सलाइन लावणारी सिस्टर माझ्या वर्गातल्या मुलीची आई. ती माझ्याकडेच बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

मग दोन दिवस नुसते तरंगत गेले. औषधं चालू होती, ताप हटत नव्हता. आई झोपेतच बोटांनी चादरीवर रोपं खोचायची, आणि शेजारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला की मलाही पाणीच दिसायचं. काचेबाहेर पाऊस, आत ती, मध्ये कुठेतरी मी. तिसऱ्या दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुंबईला न्यायला हवं. पण एवढा प्रवास त्यांना झेपेल असं वाटत नाही."

तेव्हा मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. लगेच लॅबला फोन लावला. आईच्या रक्तातून जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत जांभळे ठिपके उगवले होते, आणि बाहेरची घाण पडली असेल असं समजून ती बशी टाकून द्यायला बाजूला ठेवली होती. बाईंनी ती टाकू दिली नाही, औषध बदललं. संध्याकाळी मला मोबाइलवर त्या बशीचा फोटो दाखवला.

"हा जंतू मातीत, तळ्यात सगळीकडे असतो. आपल्या पायांना रोज लागतो, काही करत नाही. क्वचित कुणाच्या रक्तात शिरला, तर मात्र जिवावर उठतो."

जांभळं खाल्ल्यावर मुलींच्या जिभा होतात, तसा तो रंग. इतका सुंदर होता की मला त्याचा संताप आला.

आई वाचली. लावणी उरकल्यावर घरी आली आणि ओटीवर पाय पसरून शेताकडे बघत बसायला लागली. एका सकाळी मी धीर करून म्हटलं, "आई, चिखल लावल्याचं मी डॉक्टरांपासून लपवलं होतं."

"ठावं हाय. आयकत होते मी."

"मग तू का नाही सांगितलंस?"

ती शेताकडेच बघत राहिली. "ती शिस्टर तितंच उबी व्हती. तिच्या म्होरं तुजी मान खाली गेली असती."

जखम केव्हाच भरली होती. तरी मी आतून तांब्या भरून आणला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि धुवायला लागले.