टिवोंगेचं चाक

टिवोंगे हारावा आमच्या शेजारची. नवरा गेल्यावरही ती सासरीच राहिली, पण रीतीप्रमाणे धाकट्या दिराची बायको होऊन त्याच्या घरात जायला तिनं साफ नकार दिला. दीर चिमांगो हे विसरला नाही, सासूही नाही. नवऱ्याची सायकल तिच्याकडे होती. त्या सायकलवर टोमॅटोच्या टोपल्या बांधून ती एकवेंडेनीच्या बाजाराला जायची. तेवढंच दोघांना खुपत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मागचं चाक पुन्हा बसलेलं. टिवोंगेनं सायकल उलटी केली आणि दोन चमच्यांनी टायर उचकटायला घेतला.

ओट्यावर चिमांगो मक्याची दारू पीत बसला होता. "काय वहिनी, बसली का? तुझ्यासारखीच आहे. ढकलली तरी जागची हलत नाही."

सासू उखळात मका कांडत होती. "पाणी सांडू नकोस अंगणात. विहिरीवरून मी आणते, तू नाही."

"कालचे दोन्ही हंडे मीच आणलेत," टिवोंगे म्हणाली आणि ट्यूब बादलीत दाबली. पाण्यातून बुडबुड्यांची रांगच निघाली. तिनं ट्यूब पुसून उजेडात धरली. सरळ, बोटभर चीर होती. टायरच्या कुशीवरही तशीच.

"काटा असा कापत नाही," ती म्हणाली.

"माझ्याकडे काय बघतेस?"

"मी ट्यूबकडे बघतेय. तुम्हीच बोललात, भावजी."

मी कुंपणापाशी उभी होते. मला हसू आवरलं नाही. चिमांगोनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

टिवोंगेनं दगडानं रबर खरवडलं, जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, सोल्यूशन लावलं, फुंकर घालून वाळवलं. तुकडा चिकटवून ती अंगठ्यानं दाबत होती, तेवढ्यात चिमांगो उठून आला आणि ट्यूबवर पाय देऊन उभा राहिला.

"सायकल माझ्या भावाची आहे. माझ्या घरात ये, मग खुशाल मागे बस."

तिनं पाना उचलला. आवाज चढवला नाही. "पाय काढा. पंक्चर काढायलाच बसलेय, तुमच्या पायाचंही काढीन."

"आई, बघतेस ना?"

"एका बाईला घाबरून मला कशाला हाक मारतोस?" सासू खेकसली. "आणि तू गं, जा एकदाची. टोमॅटो सडले की वास माझ्याच दारात येणार."

चिमांगोनं पाय काढला. जाताना बादलीला लाथ घातली.

टिवोंगेनं टायरच्या चिरेला आतून जाड तुकडा लावला, चाक बसवलं. पंप सासू-दिराच्या घरात, तो कुणी देणार नव्हतं. मी माझा कुंपणावरून दिला. ती बाजारात पोचली तेव्हा चांगली गिऱ्हाइकं निघून गेली होती. निम्मे टोमॅटो तिनं येईल त्या भावाला विकले.

परतल्यावर तिनं आपली चूल ओट्यावरून आत नेली. सासूच्या भांड्यातला सिमा, मक्याच्या पिठाचा तो रोजचा घट्ट गोळा, ती त्यानंतर कधी जेवली नाही. पुढच्या हंगामात बाजाराशेजारी खोली घेऊन ती निघूनच गेली. ती सायकलवरून निघाली तेव्हा चिमांगो वाटेत उभा राहिला होता. तिनं घंटी वाजवली नाही, ब्रेकही दाबला नाही. बाजूला तोच झाला.