सूचीत राहिलेलं एक नाव

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे संदर्भसूचीत पुस्तकांची नावं लावणं. माझी बायको सुमन कॉटवर उशीला टेकून लॅपटॉपवर बोटं मारत होती आणि मी एकेक पुस्तक उघडून वाचून दाखवत होतो. आडनाव आधी, मग नाव, मग पुस्तक, प्रकाशक, गाव, साल. "रेशनच्या दुकानात पुकारल्यागत आडनाव आधी कशाला गं?" म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही नुसतं वाचा. शहाणपणा नको."

मी जन्मभर ट्रक चालवला, शाळा सातवीत सुटली. सुमन हायस्कुलात मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर, राधानगरीकडं बाया भातलावणीला म्हणतात त्या गाण्यांवर शोधनिबंध लिहायचं खूळ तिनं घेतलं. मी गाडी चालवायचो, ती बांधावर बसून गाणी उतरून घ्यायची. मग कॅन्सर हाडात उतरला... कूस बदलताना ओरडायची. तरी निबंध पुरा केलाच.

अडलं ते एका म्हातारीपाशी. सगळ्यात जास्त गाणी तिची, आणि अख्खं गाव तिला सरूची आय म्हणायचं. आम्हीही तेच धरून चाललो होतो. आता संपादकांनी कळवलं, गाणारणीचं पूर्ण नाव संदर्भसूचीत नसेल तर तिची गाणी गाळावी लागतील. मी म्हटलं, "टाक की सरूची आय म्हणून." सुमन भडकली. "सरू तिची लेक. गाणी सरूनं सांगितली व्हय? म्हातारीला सोताचं नाव न्हाय?" चिडली की मास्तरीण माझ्यासारखी बोलायची. सरपंचाला फोन केला, त्यालाही ठाऊक नाही. "उद्या जाऊन विचारून या," म्हणाली आणि आडवी झाली. संध्याकाळी गेली.

खरं सांगतो, मला सुटल्यागत वाटलं. तिचं ओरडणं थांबलं. हे बोललेलं लोकांना आवडत नाही; न आवडू दे. महिना झाला, अजून तसंच वाटतं. पण तेव्हा ते एक नाव घशात अडकलं होतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी, बातमी कळून, म्हातारीच सरूचा हात धरून दारात आली. उंबऱ्यातच गळा काढला. घर पावण्यांनी भरलेलं. मी उठून तिच्यापुढं बसलो. "आये, तुझं नाव काय?"

रडणं थांबलं. धाकट्या भावानं माझा दंड धरला. "दादा, ही येळ हाय व्हय?"

"हीच हाय."

म्हातारीनं डोळे पुसले. "अनुसया. आय गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाक न्हाय मारली."

"आणि आडनाव?"

"म्हायेरचं का सासरचं?"

"तुला कुठलं पायजे?"

"म्हायेरचं लाव. गाणी माझ्या आयची हायती."

माझ्या लेकीला लॅपटॉप घेऊन बोलावलं. म्हातारीनं आडनाव सांगितलं, लेकीनं नाव जागेवर बसवलं, मी दोनदा वाचून घेतलं आणि निबंध पाठवून दिला. म्हातारी तोवर गप बसून होती. मग म्हणाली, "लेकरा, आता रडू व्हय?"

"रड की," म्हटलं, आणि तिच्याशेजारी बसून मीही मोकळेपणानं रडलो.