पुरावा मिटला म्हणे

वर्गातल्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर मी लपवत होतो असं वाटेल, आणि लपवण्याचा प्रकार माझ्याकडून आधीच पुरेसा झाला आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे फोनमधलं सगळं मला कळतं असा गावाचा समज, आणि हळूहळू वर्गाचाही झाला. फॉर्म भरून दे, फोटो लहान करून दे, पासवर्ड विसरलो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका अ‍ॅपबद्दल वाचलं. त्यातला मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाही, बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. शिवाय वेळ लावून ठेवली की तासाभरानं किंवा दिवसभरानं मेसेज आपोआप मिटतो. मला ते फार सभ्य वाटलं. तेव्हा मनात हाच शब्द आला होता.

ते पहिल्यांदा मागितलं आमच्या बसमधल्या एका मुलीनं. माझ्याच वर्गातली. ती समुद्रपूरला बसायची, मी तिथून तीन थांबे पुढे. ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट तिची ठरलेली.

"तुले फोनातलं समजते ना?" तिनं विचारलं. "घरी दादा रोज माहा फोन पाहते. आपोआप मिटते असं काही हाय काय?"

"काऊन, असं काय लपवाचं हाय?" मी गंमत म्हणून बोललो.

ती हसली नाही. "बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून राह्यली मी. वर्ध्याच्या क्लासच्या मॅडम मेसेज करतेत. इकडं घरी पाहाले पाहुणे येऊन राह्यले. फॉर्मचं दिसलं त मले कॉलेजातूनच काढतीन."

कॉलेज येईपर्यंत मी तिच्या फोनात अ‍ॅप टाकून, वेळ लावून दिली. मग तिच्या मैत्रिणींनी मागितलं, मग मुलांनी. मला बरं वाटायचं. आपण कोणाच्या तरी कामी येतोय असं.

तिसऱ्या वर्षी त्याच अ‍ॅपवर आमच्या वर्गातल्या एका मुलानं 'नोट्स' नावाचा ग्रुप काढला. फक्त मुलांचा. हा मुलगा बोलण्यात हुशार, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करणारा, सरांच्या मर्जीतला. ग्रुपवर एक्केचाळीस जण होते. नोट्स आल्या दोन-तीनदा. बाकी जे यायचं ते मी न बघता पुढे सरकवायचो. ग्रुप सोडावा असं वाटायचं, पण 'अमुक बाहेर पडला' असं सगळ्यांना दिसतं. ते मला नको होतं.

एका सोमवारी सकाळी बसमध्ये त्या ग्रुपवर फोटो आला. चेहरा तिचा होता. कॉलेजच्या कार्यक्रमात काढलेल्या फोटोतला, मला ओळखू आला. चेहऱ्याखालचं सगळं मात्र तिचं नव्हतं, कुठूनतरी आणून जोडलेलं. खाली हसण्याची चिन्हं भराभर येत होती. मी फोन मांडीवर पालथा घातला. वर पाहिलं तर ती दोन सीट पुढे बसली होती, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, मांडीवर पुस्तक उघडं. कंडक्टर तिला "सुट्टे दे ना बाई" म्हणत होता आणि ती पर्स चाचपत होती.

मागच्या सीटवर दोघं हसले. मी हसलो नाही. पण मी बोललोही नाही.

दुपारी पुन्हा ग्रुप उघडला तेव्हा फोटो मिटलेला होता. मला हायसं वाटलं. माझ्या फोनात आता ते नाही, म्हणजे जणू मी ते पाहिलंच नाही. त्या हायसं वाटण्याची मला आजही किळस येते. फोटोची येते त्याहून जास्त.

तिला कळलंच. बसमधून उतरताना कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आज पूर्ण कपड्यांत?" तिनं दोन दिवसांत माहिती काढली आणि प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. समिती बसली. दोन सर, एक मॅडम. वर्गात येऊन त्यांनी विचारलं, "कोणाकडे तो फोटो आहे?" कोणी मान वर केली नाही. खरंही होतं ते, फोटो कोणाकडेच नव्हता. "पाहिला कोणी?" पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"मग पुरावा काय?" सर तिच्याकडे वळून म्हणाले. आवाज कठोर नव्हता, कंटाळलेला होता.

"मिटला सर," ती म्हणाली.

इथून सगळ्यांना मोकळा रस्ता सापडला. सर म्हणाले, असली अ‍ॅप बनवणारेच खरे गुन्हेगार. पैशासाठी गुन्हेगारांना पडदा पुरवतात. वर्गातली मुलं माना डोलवू लागली. ज्यांनी हसण्याची चिन्हं पाठवली होती, तीही. ग्रुप काढणारा तो मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, यांच्यावर बंदीच पाहिजे." सर म्हणाले, "बरोबर."

शनिवारी पालकांना सूचना गेली. सूचना चांगल्या मनानंच लिहिलेली असावी. मेसेज आपोआप मिटवणारी अ‍ॅप वाईट कामांसाठी वापरली जातात, पालकांनी मुलामुलींचे, विशेषतः मुलींचे फोन तपासावेत. सोमवारी ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट रिकामी होती.

तिच्या मैत्रिणीनं मला गाठलं. "सूचना वाचून तिच्या दादानं फोन धुंडाळला. थे अ‍ॅप भेटलं. आत काहीच नाई, सारं मिटलेलं. तो म्हणते, काही नाई म्हणजेच काहीतरी हाय. आता घरीच बसवलं तिले. परीक्षेलेही येऊ देत नाई म्हणते."

"आणि फोटोचं?"

"तक्रारीचं तिनं घरी सांगतलं. दादा म्हणते, असं अ‍ॅप ठेवनाऱ्या पोरीचे फोटो निंगतीनच."

त्याच आठवड्यात कॉलेजनं वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, गुप्त संदेशांची अ‍ॅप बनवणारे दोषी आहेत का. मला 'नाहीत' या बाजूनं बोलायला सांगितलं, कारण 'तुला त्यातलं कळतं'. मी तयारीला बसलो आणि खरंच विचार करू लागलो. त्याआधी मी कधी केला नव्हता.

मी कंपनीकडे तक्रार पाठवून पाहिली. दोन मिनिटांत मराठीतच उत्तर आलं, पण माणसानं न लिहिलेल्या मराठीत. 'आपली गोपनीयता आम्हाला प्रिय आहे. आपल्या अनुभवास पाच तारे द्या.' आम्हाला आतलं दिसत नाही असं ते म्हणतात, आणि ते खरं असेल. पण स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी त्यांनी स्वतःच बांधलेली आहे. हे असं वापरलं जाईल हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. एका मुलीचं आयुष्य अडतं तेव्हा ऐकणारं एखादं माणूस तरी त्यांनी बसवायला हवं होतं. तेवढा खर्च त्यांना नको होता. हा आरोप मला खरा वाटला, आजही वाटतो.

पण मग त्यांना दिसलं पाहिजे, असं म्हणावं का? माझा विचार काही केल्या पुढे जाईना. कंपनीला दिसेल ते सरकारला दिसेल, आणि सरकारला दिसेल ते आमच्या तालुक्यात कोणाच्या तरी मेहुण्याला दिसेल. कुलपाची किल्ली एकदा बनवली की ती एकाच हातात राहत नाही. तिचा दादा अशा एखाद्या मेहुण्याला चहा पाजून तिचा फॉर्म पहिल्याच महिन्यात पाहून आला असता. ते कुलूप नसतं तर ती तिसऱ्या वर्षापर्यंत पोचली नसती. आणि त्याच कुलपामागे बसून एक्केचाळीस जणांनी तिचा तो फोटो पाहिला.

मी स्टेजवर हे काहीच नीट बोललो नाही. त्या मुलाचं भाषण मात्र जोरदार झालं. "ज्यांच्या घरी आयाबहिणी आहेत ते असं अ‍ॅप बनवूच शकत नाहीत!" म्हणाला, आणि टाळ्या थांबेनात. समितीतल्या सरांच्या हातून त्याला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलची पाण्याची बाटली. मी टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले.

रविवारी घरी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, अंगणात कासरा वळत बसले होते. ते बैलबाजारात दलाली करतात. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा, भोवतीच्यांना काही कळत नाही. मी त्यांच्यासमोर कासऱ्याचं टोक धरून बसलो.

"मोठेबाबा, दुपट्ट्याखाली कोणी फसवलं त दोष कोणाचा?"

"फसवनाऱ्याचा. दुसऱ्या कोनाचा राहीन?"

"पण दुपट्टा नसता त जमलं नसतं ना."

"हे खरं हाय," ते म्हणाले. "लबाडायचं जमते त्याच्यानं. बंद करा म्हनून कितींदा बोंब झाली. पन दुपट्टा काढला का कोनाले बैल आजच विकाचा हाय हे साऱ्या बाजाराले दिसते. मंग त्याले कोन भाव देईन? ओढ ना टोक, ढिलं सोडून राह्यला तू."

मी टोक ओढलं. "मंग भांडण झालं त कसं ठरते?"

"दुपट्टा थोडीच बोलनार हाय बावा. खाली दोन हात व्हते ना? त्यायले उभं कराचं." त्यांनी पीळ दिला. "पन तू हे काऊन विचारून राह्यला? बैल घेतं का काय?"

मग मी त्यांना सांगितलं. दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं. कॉलेजात असं असं झालं, फोटो मिटला, पुरावा नाही.

"कितीक लोकायनं पाह्यला?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस!" ते हसायला लागले. "आन् पुरावा नाई म्हनतेत? साराच्या साराच आंधळा बाजार!" हसता हसता त्यांचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं. "त्यातला तू कितवा?"

मी खाली पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून कासऱ्याचं टोक काढून घेतलं, खांबाला बांधलं आणि एकटेच वळू लागले.

सोमवारी मी समितीतल्या मॅडमकडे गेलो आणि अर्ज लिहून दिला. ग्रुप कोणी काढला, फोटो त्याच्याच नंबरवरून आला, मी तो कुठं पाहिला, आणि पाहून काय केलं. मॅडमनी दोनदा वाचला.

"यात तुझं स्वतःचंही नाव येतंय," त्या म्हणाल्या. "तू ग्रुपमध्ये होतास असं होईल."

"होतोच मॅडम."

बाहेर बातमी पोचायला तास लागला नाही. "आला साक्षीदार!" "तूनंच त शिकवलं बे मिटवाले, आता तूच शहाणपण पाजळून राह्यला?" यातलं दुसरं वाक्य खोटं नव्हतं. आणखी दोघांनी मग अर्ज दिले. दोघंच. अडतीस जण अजून ते अ‍ॅप किती वाईट आहे यावर बोलत होते.

तिच्या आईनं बरंच भांडण केलं म्हणे, म्हणून ती तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला आली. दादा मोटरसायकलवर घेऊन आला आणि बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिला. तिचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता, वर अर्धा दिसत होता. पहिल्या पेपरनंतर फाटकाजवळ तिनं मला थांबवलं.

"तू अर्ज देला म्हणते."

"हो."

"किती दिवसानं?"

मी मोजलेलं होतं. "चौदा."

"त्याची झेरॉक्स भेटंल काय? घरी दाखवाले. तिकडं अजून माहीच चूक चालू हाय. पुढच्या पेपरले येऊ देतीन का नाई, सांगता येत नाई."

मी ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाले, समितीची कागदपत्रं गोपनीय असतात, बाहेर देता येत नाहीत. मी मॅडमना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. सगळ्या कॉलेजनं गुपितांवर बंदी मागितली होती आणि आता माझाच कागद मला मिळत नव्हता. मी हसलो बहुतेक, कारण क्लार्कनं "काय झालं?" विचारलं.

मग मी झेरॉक्सच्या दुकानातल्या बाकावर बसून सगळं पुन्हा हातानं लिहिलं. या वेळी एक वाक्य जास्तीचं टाकलं, की अ‍ॅप तिच्या फोनमध्ये मी टाकून दिलं होतं आणि ते अभ्यासासाठी होतं. फॉर्मचं लिहिलं नाही. ते तिचं होतं.

पुढच्या पेपरला दोघं आले. ती आत गेली. घंटेला दहा मिनिटं होती. मी कडुलिंबाखाली जाऊन कागद तिच्या दादापुढे धरला. तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल, हातावर खताच्या पोत्याची पांढरी भुकटी. बोट ठेवून ओळ-ओळ वाचत गेला. मध्ये थांबला.

"तू बसमध्ये पाह्यला?"

"हो."

"माही बहीण पुढं बसली व्हती तवा?"

"हो."

"मंग तू काय केलं?"

"काहीच नाई."

तो बाजूला थुंकला. मला वाटलं आता मारेल. मारायला हवं होतं असंही वाटलं. फाटकातून तो बक्षीसवाला मुलगा आत जात होता, स्टीलची बाटली बोटात अडकवून. दादानं माझी नजर पाहिली, मग त्या मुलाकडे पाहिलं, मग पुन्हा कागदावरच्या नावाकडे.

"हाच?"

"हो."

तो उठला नाही. कागदाची चौकोनी घडी केली आणि खिशात फोनच्या मागे सरकवली. फोन मात्र बाहेर काढला नाही.

"पेपर किती वाजता सुटते?"

"एक वाजता."

"आन् आखरीचा कधी हाय?"

"परवा."

घंटा झाली. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आनतो मी तिले. जाय आता, तुहा पेपर हाय."