साडूंच्या खिशातली खार

जगात जे काही वाईट व्हायचं असतं, त्याची खबर सर्वांत आधी माझ्या साडूंना लागते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान औशाला राहतात. उंचीनं भरपूर, अंगानं त्याहून भरपूर, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी पोहोचवून आले आहेत. लग्नाच्या मांडवात शिरले की ते आधी वर बघतात आणि म्हणतात, "वारं सुटलं तर गेलंच हे." आंबा हातात घेतला की न कापताच त्यांना त्यातली अळी दिसते. मी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. साडूंनी पुढच्या चाकाकडं बराच वेळ टक लावून पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. त्यानंतर कितीतरी दिवस मी ती गाडी सायकलच्या वेगानं चालवली. नोकरीची सगळी वर्षं ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. माईकवरून त्यांची घोषणा यायची, "निलंगा गाडी निघाल्याचं कळलंय. आली म्हंजे खरं." गाठोडं घेऊन आलेल्या एका म्हातारीनं उमरग्याची गाडी कधी येईल म्हणून विचारलं, तर खिडकीतून उत्तर गेलं, "मावशे, सावलीला बस. खामखा आशा धरू नगं." आणि मग स्वतः उठून तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

हे पाणी नेऊन देणं लोकांच्या ध्यानात राहत नाही, आशा धरू नको म्हणालेलं तेवढं राहतं. माझे वडील न्हाणीत पडून त्यांचा खुबा मोडला, तेव्हा औशाहून नांदेडला सगळ्यांच्या आधी साडू पोहोचले. दवाखान्याच्या जिन्यातच मला म्हणाले, "या वयात खुबा मोडला की काही खरं न्हाई, पाव्हणं." आणि वडील पुन्हा चालू लागेपर्यंत तिथून हलले नाहीत. कुणाला अंगाला हात लावू न देणारे माझे वडील त्यांच्याकडून मुकाट दाढी करून घ्यायचे. "नीट बसा मामा, ही शेवटचीच समजा," असं म्हणत साडू वस्तरा चालवायचे आणि वडील तोंडाला साबण लागलेला असताना हसायचे. वडील बरे झाले. साडूंना त्याचं जरा आश्चर्यच वाटलं.

अशा माणसाच्या घरी खारीची पिल्लं निघाली. त्या साली उन्हाळा लवकर तापला होता. खिडकीतला कूलर थंडीभर झाकून ठेवलेला. त्याचं जुनं गवत काढून नवं भरायचं म्हणून साडूंनी जाळी उघडली, तर गवतात सुतळी, कापूस आणि अक्कांच्या एका हरवलेल्या ब्लाऊजच्या चिंध्या यांचं गोल घरटं, आणि त्यात दोन पिल्लं. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेले. आदल्याच दिवशी मांजरानं एक खार कुंपणावरून उचलून नेलेली साडूंनी डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्यांनी सबंध दुपार जाळी उघडी ठेवून वाट बघितली, न जाणो ती दुसरीच कुणी असेल म्हणून. कुणी आलं नाही. संध्याकाळी अक्कांचा मला फोन आला. मागून साडूंचा आवाज येत होता, "त्यांना सांग, दोनबी जगत न्हाईत."

जगत नाहीत म्हणणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी जनावरांच्या दवाखान्यासमोर उभा होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "काका, मी म्हशी बघते," त्या म्हणाल्या, पण पिल्लं बघून त्यांना राहवलं नाही. गाईचं दूध नको, शेळीचं द्या. कोमट करून, ड्रॉपरनं, थेंब थेंब. घाई केलीत तर दूध फुफ्फुसात जाईल. पाजून झालं की ओल्या कापसानं पोट पुसा, आई चाटते तसं, नाहीतर त्यांना लघवीसुद्धा होत नाही. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे वाचायची आशा न्हाईच म्हणा की." बाई म्हणाल्या, "थोडी आहे." "थोडी म्हंजे न्हाईच," असं म्हणून साडू शेळी शोधायला निघाले. गल्लीच्या टोकाला एका बाईकडं शेळी होती. रोज सकाळी हा धिप्पाड माणूस वाटी घेऊन तिच्या दारात उभा राही आणि चमचाभर दूध मागे. ती हसून म्हणायची, "साहेब, पावशेर तरी न्या!" साडू म्हणायचे, "उद्या लागंल का न्हाई कुणाला ठाव."

मी आठवड्यानं औशाला गेलो, तेव्हा एक पिल्लू गेलं होतं. अक्कांनी दारातच खुणेनं सांगितलं. मला वाटलं, आता आत गेल्यावर "म्हणलं नव्हतं मी?" ऐकावं लागणार, आयुष्यभर ते वाक्य त्यांच्या जिभेवर तयारच असे. पण साडू पाटावर बसले होते, मांडीवर कानटोपी, कानटोपीत उरलेलं पिल्लू, आणि ते ड्रॉपर उजेडाकडं धरून बघत होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "माझ्या हातनं एक थेंब जास्ती गेला का काय, कळंना." मी म्हणालो, "तसं नसेल हो." परसात पेरूच्या झाडाखाली मूठभर माती नवी दिसत होती आणि तिच्यावर, मांजरानं उकरू नये म्हणून, अक्कांचा वाटणाचा पाटा ठेवला होता. त्या दिवसांत अक्का मिक्सरवर वाटण करत होत्या आणि पाटा परत मागत नव्हत्या.

उरलेल्याचं नाव ठेवायला साडूंनी साफ नकार दिला. "नाव ठेवलं की माया लागती, अन् माया लागली की संपलंच." म्हणून त्याला सगळे नुसतं "ते" म्हणत. "ते पिलं का?" "ते झोपलंय, हळू बोला." अक्कांच्या शेजारणीनं एकदा कौतुकानं सांगितलं की रामानं हात फिरवला म्हणून खारीच्या पाठीवर रेघा आल्या. साडू म्हणाले, "हाव, हात फिरवला. पण पुढं त्या खारीचं काय झालं, सांगितलं का कुणी?" शेजारीण बिचारी विचारात पडली. पिल्लाचं पोट एकदा फुगलं, एकदा ते दिवसभर दूधच घेईना, आणि दर वेळी साडू मला नांदेडला फोन करून म्हणायचे, "आज काही खरं न्हाई." मी कचेरीतून बाहेर व्हरांड्यात येऊन ऐकायचो. चांगली बातमी मात्र ते स्वतः कधी देत नसत. पिल्लाचे डोळे उघडले, हे मला अक्कांकडून कळलं. "डोळे उघडले अन् पहिलं ह्यांचं तोंड बघितलं बघा, भाऊजी," त्या म्हणाल्या, "तरी जगलं!"

मग जळकोटचं लग्न आलं. साडूंच्या चुलतभावाची मुलगी, जाणं भाग. पिल्लाला मधूनमधून पाजावं लागे, म्हणून भर मे महिन्यात साडू जाड बंडी घालून आले आणि आतल्या खिशात ते. मला आणि अक्कांनाच माहीत होतं. मंगलाष्टका सुरू झाल्या, शेवटचं "सावधान" झालं आणि कानाजवळ ताशा कडाडला. पिल्लू बिथरलं. साडूंनी एकदम छातीवर हात दाबला, कपाळावर घाम फुटला, गुडघ्यात वाकले. कुणीतरी ओरडलं, "अहो, धरा यांना! झटका आला!" गेली कित्येक वर्षं साडू भावकीत सांगत आले होते की आपण एखाद्या लग्नातच जाणार, त्यामुळं कुणाला पटवायची गरजच नव्हती. चौघांनी उचललं. "मला काही न्हाई झालं," ते पुटपुटत होते. "असंच म्हणतेत," एक अनुभवी गृहस्थ म्हणाले. मी गर्दीतून ओरडून सांगत होतो, पण ताशापुढं माझं कोण ऐकतो! जीपमध्ये घालून त्यांना जवळच्या डॉक्टरांकडं नेलं, मीही मागच्या फळीला लोंबकळत गेलो. डॉक्टरांनी बंडीवरूनच नळी लावली. ऐकलं, नळी काढली, झटकली, पुन्हा लावली. त्यांचा चेहरा उतरला. "ठोके दोन येऊन राहिलेत की हो!" ते म्हणाले. तेवढ्यात खिसा हलला आणि दोन मिशा बाहेर आल्या. कंपाउंडर बाकावर चढला. सगळे एकदम हसत सुटले, डॉक्टरसुद्धा. साडू तेवढे हसले नाहीत. पिल्लाला तळहातावर घेऊन म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. ह्याचं बघा. ह्याचं काळीज लई जोरात पळायलंय." डॉक्टरांनी हसू आवरलं आणि खरोखरच नळीचं टोक त्या एवढ्याशा पाठीला टेकवलं.

पावसाळ्याच्या तोंडी पिल्लू चांगलं खारीएवढं झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता झाड दाखवा, घरात ठेवलंत तर ना घरचं ना झाडाचं होईल. साडू त्याला रोज अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाजवळ नेत, बुंध्यावर ठेवत आणि गंभीरपणे म्हणत, "चढ." ते झाड सोडून साडूंवर चढे. खारीच्या दृष्टीनं बघितलं तर दोघांत साडूच जाड होते आणि चढायलाही सोपे. अक्का ओट्यावरून म्हणायच्या, "तुम्ही आधी चढून दाखवा की!" शेवटी एका सकाळी ते खांद्यावरून फांदीवर गेलं, फांदीवरून वर गेलं, आणि साडू खाली चादरीची दोन टोकं धरून मान वर करून उभे राहिले. चादरीची दुसरी दोन टोकं मी धरली होती. "आता पडतंय बगा," ते म्हणत होते, "आता पडतंय." ते पडलं नाही. काही दिवस ते संध्याकाळी परतून खुंटीवरच्या कानटोपीत झोपायला यायचं. मग एक दिवस आलं नाही.

मी पोहोचलो तेव्हा साडूंनी औसा पालथं घातलं होतं. शेजाऱ्यांच्या गच्च्या, पत्रे, नाल्या, किल्ल्याकडची चिंचेची झाडं. शेंगदाण्याची मूठ पुढं धरून ते झाडाखाली उभे राहत, आणि हाक मारायला तोंड उघडलं की मारायला नाव नव्हतं; मग नुसतंच "ये... ये..." म्हणत. गल्लीतले लोक आता हसत नव्हते. शेळीवाली बाई स्वतःहून वाटीत दूध घेऊन आली आणि दारात ठेवून गेली. जेवताना अक्कांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "मांजरानं नेलं असंल हो. तुम्हीच म्हणत होतात ना." साडूंचा घास हातात राहिला. "असं वंगाळ बोलू नगं," ते म्हणाले, "तुला काय ठाव?" एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि भाकरी वाढायला उठल्या. मांजर कुंपणावर रोज दिसत होतं, आणि ते लठ्ठ झालं होतं.

त्यानंतर साडू बोलायचेच कमी झाले. वाईट होणार म्हणून सांगणंसुद्धा थांबलं, आणि त्याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटू लागली. माझ्या मुलानं नोकरी बदलली तेव्हा मी मुद्दाम फोन करून सांगितलं. "हाव, बरं झालं," एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, तुझ्या दाजींचं काहीतरी बिनसलंय.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा औशाला जाणं झालं. अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. कुंपणाच्या भिंतीवर खारींची ये-जा चालली होती. कधी नव्हत्या इतक्या. साडूंनी मधल्या दगडावर बाजरीचे दाणे पसरले होते. "रोज येत्यात," ते म्हणाले. "म्हणलं, आपलं आपल्याला वळखू येईल. पर न्हाई येत, पाव्हणं. सगळ्या सारख्याच." मी म्हणालो, "त्यातलीच एखादी असेल." त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तेवढ्यात एक खार भिंतीवरून उतरली, थबकली, आणि पुढचे दोन्ही पाय छातीशी धरून सरळ आमच्याकडं बघत बसली. माझ्याच्यानं राहवेना. "साडूभाऊ," मी हळूच म्हणालो, "ही तर नव्हे?"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ही न्हवं." मग दबक्या आवाजात म्हणाले, "पोटुशी दिसतीय. हलू नगा, खाऊ द्या तिला."

आणि आम्ही दोघं, ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत, श्वास रोखल्यासारखे तसेच बसून राहिलो.