दोन टोकदार कंसांत ठेवलेली लिंक

गेल्या सुगीला आमच्या बायकांच्या गटानं ठरवलं, इंद्रायणी तांदूळ कामशेतच्या व्यापाऱ्याला घालायचा नाही, पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट द्यायचा. गिऱ्हाइकं म्हणाली, व्हॉट्सॲपवर गर्दीत हरवतं, मेल करा. ते काम माझ्याकडं आलं. फोन मी माझी मीच शिकलेली. साधी अक्षरं लिहायची, मधे मागणी नोंदवायच्या पानाची लिंक घालायची, झालं!

पण सगळा तांदूळ त्या लिंकवर अवलंबून, मग तिला उघडी कशी ठेवायची? लग्नपत्रिकेवर देवाच्या नावाला दोन्हीकडून दोन-दोन उभ्या रेघा देतात ना, तशाच मी लिंकला चिकटून दिल्या. दिसली हो छान! मेल सगळ्यांना गेला.

आणि एकही मागणी येईना. व्यापाऱ्याचा निरोप मात्र आला, उद्या टेम्पो पाठवतो. माझी जाऊ म्हणाली, “दिऊन टाक बाई. पोत्यांस्नी उंदीर लागायची वाट बघती व्हय?”

मी पुण्याच्या एका ताईंना फोन लावला.

“अहो मावशी, लिंक दाबली की पान सापडत नाही म्हणतंय.”

मग तोच मेल मी मलाच पाठवला. बघते तर शेवटच्या दोन रेघाही लिंकसारख्या निळ्या! फोनला कुठं थांबायचं तेच कळलं नव्हतं.

“देव समजून पुजलीस तिला,” जाऊ हसली, “आता पावती का बघ!”

मी काही हटणार नव्हते. आलेले जुने मेल उघडत बसले. बियाणंवाल्यांच्या मेलमध्ये प्रत्येक लिंकच्या दोन्ही बाजूंना बाणाच्या टोकासारखे कंस होते. मला आजवर ती नक्षीच वाटायची. तसेच कंस घालून परत मलाच पाठवला. लिंक तेवढी निळी, कंस काळेच. दाबली, पान उघडलं! लगेच सगळ्यांना नवा मेल धाडला.

सकाळी टेम्पो दारात आला, तोवर मागण्या आल्या होत्या, पण निम्म्याच पोत्यांच्या. जाऊ माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी ड्रायव्हरला म्हटलं, “भाऊ, चहा घ्या, अन् टेम्पो रिकामाच न्या.”

“आन् उरला तर वो, मावशी?”

“उरला तर आमी खाऊ.”

जाऊ उठली आणि पोत्यांच्या खोलीला कडी घालून आली.